पान 19 वरचा रिकामा गाभारा

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी सोलापूरची, वय 62, शाळेतून निवृत्त. गेल्या जानेवारीत आम्ही सहा मैत्रिणी चार दिवस हंपीला जाऊन आलो. आल्यावर मी सगळं लिहून काढलं, फुलस्केपची 31 पानं झाली. एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांनी परत पाठवताना लिहिलं, "माहिती भरपूर आहे, प्रवास सापडला नाही. 2000 शब्दांत नव्याने लिहून बघा." मुलगा म्हणतो, "आई, हंपीचे एवढे व्हिडिओ पडलेत, तुझं कोण वाचणार?" दोन्ही वाक्यं मनाला लागली. मी प्रवासवर्णनं वाचत वाढले, म्हणून हा खटाटोप. 31 पानांचे 2000 शब्द कसे करायचे आणि मुळात करावेत का, एवढं सांगा. लिखाणाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

– सोलापूरची एक वाचक

उत्तर

ताई,

झेरॉक्स पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. संपादकांचं म्हणणं आम्हाला अर्धं पटलं. माहिती भरपूर आहे, हे खरं. प्रवास मात्र तुमच्या पानांत आहे. तो पान 19 वर खालून चौथ्या ओळीत बसलाय: "विठ्ठल मंदिर भव्य आहे, पण गाभाऱ्यात मूर्ती नाही. रात्री आईला फोनवर हे सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही." आणि पुढच्या ओळीत तुम्ही गाडीत बसून लोटस महाल बघायला निघता!

पान 2 वर तुम्हीच लिहिलंय की आई माळकरी आहे आणि पाय चालत होते तोवर तिने आषाढी चुकवली नाही. पंढरपूर तुमच्या घरापासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर. म्हणजे वारकरी आईची मुलगी तुंगभद्रेच्या काठी विठ्ठलाच्या देवळात जाते आणि तिथे विठ्ठल नसतो. मग तो होता का? गेला कुठे? आई गप्प का झाली? हे तीन प्रश्न 2000 शब्द सहज ओढून नेतील. हत्तीखान्यात अकरा दालनं आहेत, या माहितीला ते ओझं पेलणार नाही. ती खरी असली तरी.

करावं का, या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक जुनं उदाहरण देतो, आणि तेही तुमच्या हंपीचंच. 1520 च्या सुमारास दोमिंगो पाईश नावाचा पोर्तुगीज गोव्याकडून विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला गेला. तेव्हा कृष्णदेवराय गादीवर होता. पाईशने जे लिहिलं त्याचं इंग्रजी भाषांतर रॉबर्ट स्युएलने 1900 साली छापलं, आणि हंपीच्या अवशेषांचा अर्थ लावताना अभ्यासक आजही ते उघडतात. त्यात नदी ओलांडायच्या होड्यांबद्दल काही ओळी आहेत. त्यांचा आशय असा: होड्या टोपलीसारख्या गोल आहेत. आतून वेताच्या, बाहेरून कातडं लावलेलं. पंधरा-वीस माणसं बसतात. गरज पडली तर घोडे आणि बैलही नेता येतात, पण जनावरं बहुधा पोहूनच जातात. वल्ह्यासारख्या फळीने त्या हाकतात, आणि सरळ जाता येत नसल्यामुळे त्या सारख्या गरगरत राहतात.

एकही विशेषण "सुंदर"च्या जातीचं नाही. होडी कशाची, किती माणसांची, कशी चालते, काय करू शकत नाही, एवढंच. पाचशे वर्षांनी ही वर्णनं वाचून कुणीही तशी होडी विणायला घेऊ शकेल. आता तुमचं पान 24: "गोल होडीत बसायला खूप मजा आली. सगळ्या खूप हसलो." तुम्हीही त्याच नदीवर, त्याच जातीच्या होडीत होतात. कातड्याच्या जागी आता प्लॅस्टिकचा कागद आणि डांबर आलंय, वेताच्या जागी बांबूच्या पट्ट्या. नावाडी गंमत म्हणून होडी गरागरा फिरवतो तेव्हा तो मुळातली खोड पर्यटकांना विकत असतो. हे तुम्ही लिहिलं असतं, तर हसण्यालाही वजन आलं असतं.

पाईशचा दुसरा गुण तुमच्या जास्त कामाचा आहे. शहर केवढं, हे सांगताना तो म्हणतो की एका टेकडीवर चढून पाहिलं, पण शहर डोंगरांच्या मध्येमध्ये वसलेलं असल्याने तिथून सगळं दिसलं नाही. दिसलं तेवढंच रोमएवढं वाटलं. कुठे उभा होतो आणि काय दिसलं नाही, हे तो कबूल करतो. वाचकाचा विश्वास बसतो तो इथे. व्हिडिओशी तुलना करायचीच तर हीच जागा धरा. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ कसा दिसतो, हे दाखवण्यात कॅमेरा तुम्हाला हरवणारच, मुलाचं तेवढं खरं आहे. तुम्हाला काय ठाऊक नव्हतं, तिथे उभं राहून काय चुकीचं वाटलं आणि नंतर ते कसं दुरुस्त झालं, हे मात्र लिहिल्याशिवाय दिसत नाही. वरसईचे गोडसे भटजी 1857 च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, ते काही बंड बघायला गेले नव्हते. घरची ओढगस्त होती, दक्षिणा मिळवायला गेले होते. त्यांची ती हकिगत 1907 साली छापली गेली आणि अजून वाचली जाते. देवदर्शन, पैसा, जीव आणि घरची काळजी अशा चार ओढी एकाच माणसाला चार दिशांना खेचत असतात, म्हणून. तुमच्याकडे ओढ एकच आहे, पण अस्सल आहे.

आता कामाला लागू.

दोन पेन्सिली घ्या, एक तांबडी, एक निळी. कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात किंवा नेटवर सापडेल अशा प्रत्येक ओळीखाली तांबडी रेघ. फक्त तुम्हीच लिहू शकला असता अशा ओळीखाली निळी. आम्ही झेरॉक्सवर करून पाहिलं: पहिल्या 10 पानांत निळ्या ओळी 14 भरल्या. सगळ्या पानांत मिळून साधारण 90. तुमच्या अक्षरात एका पानावर 250 च्या आसपास शब्द बसतात, म्हणजे मजकूर पावणेआठ हजार शब्दांचा आहे. 31 पानं कापून 2000 शब्द करायला बसलात तर प्रत्येक परिच्छेदातून थोडं थोडं छाटाल, आणि हाती येईल तेच लिखाण, फक्त धापा टाकणारं. हीच चूक सगळ्यात जास्त होते. कापू नका. त्या 90 निळ्या ओळी कोऱ्या कागदावर उतरवून घ्या, 31 पानं कपाटात ठेवा आणि नव्याने लिहा. तांबड्यातलं लागेल तेवढं नंतर परत आणता येतं.

सुरुवात सध्या अशी आहे: "पहाटे चारला गजर झाला." मग बॅगा, दशम्या, शेंगाचटणी, रिक्षा, स्टेशन. हंपी उगवते पान 5 वर. घरातून निघण्यापासून सुरू करायची खोड मोडायला सोपा उपाय म्हणजे देवळाच्या दारातून सुरुवात. विरूपाक्ष मंदिरापासून नदीकाठच्या पायवाटेने विठ्ठल मंदिर सुमारे दोन किलोमीटर. तुम्ही रस्त्याने न जाता ती वाट चाललात, हे तुमचं नशीब. ती दोन किलोमीटरची वाट हाच लेखाचा कणा करा. वाटेवर जे भेटलं तेवढंच लेखात येईल, जे आडवाटेला होतं ते येणार नाही. या एका नियमाने तुमची अर्धी पानं आपोआप गळतील.

शब्दांचा हिशेब ढोबळमानाने असा मांडा. उघडायला 200: तुम्ही कोण, आई कोण, कुठे चाललाय. वाटेला 500. गाभाऱ्याला 300, त्याहून जास्त नको, कारण रिकामी जागा फार वर्णिली की भरून जाते. संत भानुदासांची कथा (ती खाली येते) आणि इतिहास मिळून 400. नदीकाठच्या पुरंदरदास मंडपाला 250. फोनला 200. दीडशे शिल्लक ठेवा. ते कुठे लागतील, हे लिहिताना कळतं.

पुरंदरदास मंडपाला इतकी जागा का, असं विचाराल. तुम्ही त्याला एक ओळ दिली आहे: "नंतर नदीकाठचा एक मंडप पाहिला." पुरंदरदास कानडीतले थोर हरिदास, आणि त्यांच्या पदांची मुद्रा "पुरंदरविठ्ठल". गाभाऱ्यात नसलेला विठ्ठल तिथून हाकेच्या अंतरावर पदांच्या शेवटी सही करून बसलाय! शिवाय सोलापूरच्या बाईला कानडी परकी नाही. तुमच्या गावात मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही कानांवर पडतात. विजापूर स्टेशनवर तुम्ही कानडीत चहा मागितला आणि चहावाल्याने मराठीत सुटे मागितले, ही तुमची पान 4 वरची ओळ निळी आहे, गाडीच्या सगळ्या प्रवासातली तेवढी एकच ठेवा. पुण्याच्या किंवा नागपूरच्या लेखकाला हे दार उघडं नाही.

रथाचं काय करायचं? "पन्नासच्या नोटेवरचा रथ प्रत्यक्ष पाहून धन्य झालो." नोट वाचकाच्या खिशात आहे, तेव्हा नोटेवर नाही ते सांगा. तो मुळात रथ नाही, रथाच्या आकाराचं गरुडाचं देऊळ आहे, म्हणून तर तो गाभाऱ्याकडे तोंड करून उभा आहे. पुढे जुंपल्यासारखे दिसणारे हत्ती नंतर आणून ठेवलेले. त्यांच्या मागे आधीच्या घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या अजून दिसतात. अलेक्झांडर ग्रीनलॉ याने 1856 मध्ये काढलेल्या छायाचित्रात त्यावर विटांचं शिखर आहे, आज नाही. तुमच्या वाचकाला यातलं सगळं नको, एकच धागा हवा: गरुड. पंढरपुरात गरुडखांबाला मिठी मारून पुढे जायचं, हे आईला पाठ आहे. इथे गरुडाचं एवढं मोठं देऊळ आहे आणि समोर देव नाही. दोन वाक्यांत होईल. त्याला "धन्य झालो" जोडू नका.

आता चुका. एक मोठी आहे आणि ती छापून आली असती तर आलेल्या पत्रांनी तुम्ही हैराण झाला असता. पान 11: "1565 साली बहामनी सुलतानाने कृष्णदेवरायाचा पराभव करून हंपी उद्ध्वस्त केली." साल बरोबर. कृष्णदेवराय 1529 मध्येच वारला. 1565 मध्ये गादीवर नावापुरता सदाशिवराय होता आणि कारभार रामरायाच्या हाती. बहामनी राज्यही तोवर फुटून संपलं होतं. लढले ते विजापूरची आदिलशाही, अहमदनगरची निजामशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही आणि बीदरची बरीदशाही, एकत्र येऊन. लढाईला आपण तालिकोटची म्हणतो, राक्षसतागडीची असंही म्हणतात.

आणि ताई, इथे तुमच्या उंबऱ्यातला दुवा तुमच्या हातून सुटलाय. हे सुलतान आपापसात भांडत होते, आणि भांडणाचं एक कारण सोलापूरचा किल्ला होता. एकी झाली ती सोयरिकीने: अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि सोलापूरचा किल्ला आंदण दिला. तुमच्या घराजवळच्या ज्या भुईकोटात तुम्ही शाळेच्या सहली नेल्या असतील, तो विजयनगर बुडवणाऱ्या सोयरिकीचं आंदण होता. चार ओळी पुरेत, पण त्या ओळींनी हंपी सोलापूरला येऊन भिडते. गाईडच्या तोंडून हे येणार नाही. गाईड सगळ्या गावच्या पाहुण्यांना एकच हंपी सांगतो, त्याचा तो धंदा आहे.

भानुदासांची कथा जपून हाताळा. तुम्ही ती लिहिलीच नाही, याचं आश्चर्य वाटलं. आईला ती नक्की ठाऊक असणार. विजयनगरच्या राजाने पंढरपूरचा विठ्ठल आपल्या राजधानीत नेला आणि पैठणचे भानुदास, म्हणजे एकनाथांचे पणजोबा, तो परत घेऊन आले, अशी परंपरा सांगते. राजाचं नाव सांगणाऱ्यागणिक बदलतं. ही कथा इतिहास म्हणून ठोकून देऊ नका आणि भाकडकथा म्हणून उडवूही नका. मराठीत यासाठी क्रियापदाची सोय आहे, ती वापरा. मोजता किंवा तपासता येईल ते "आहे", "होतं" असं लिहा: गाभारा रिकामा आहे. परंपरेचं ते "सांगतात", आणि कोण सांगतं तेही: वारकरी सांगतात, आई सांगते. तुमच्या मनातलं ते "मला वाटलं". "म्हणे" हा शब्द हाताशी आहे, पण त्यात किंचित वाकडं तोंड असतं. "भानुदासांनी म्हणे मूर्ती आणली" असं लिहिलंत तर आईच्या श्रद्धेला चिमटा बसतो. इथे "सांगतात"च बरं. पंढरपूरची मूर्ती याच गाभाऱ्यात उभी होती का, याचा निवाडा करायला तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही.

हीच चाळणी गाईडच्या बोलण्याला लावा. संगीत खांबांबद्दल तुम्ही लिहिलंय, "आवाज कुठून येतो हे बघायला इंग्रजांनी दोन खांब कापले." गाईड लोक ही गोष्ट सांगतात, मग "गाईड म्हणाला" असं लिहा. खांबांवर टिचकी मारायला बंदी आहे, हेही लिहा, नाहीतर तुमचा वाचक जाऊन वाजवायला बघेल.

विरूपाक्ष मंदिरातल्या उलट्या सावलीचं तुमचं पान मात्र चांगलं जमलंय, आणि तेच बाहेर काढा. आतल्या अंधाऱ्या भिंतीवर गोपुराची उलटी प्रतिमा पडते, आणि तुम्ही शिकवणाऱ्या हाताने सांगितलंय की झरोक्यातून प्रकाश सरळ रेषेत येतो, त्यामुळे वरचा किरण खाली आणि खालचा वर जातो. नेमकं आणि सोपं. पण ते विठ्ठलाच्या वाटेवर नाही. 800 शब्दांचा वेगळा लेख करून मुलांच्या मासिकाला पाठवा. चांगलं जमलेलं पान काढताना हात अडतो, पण एका लेखात दोन लेख कोंबले की वाचक दोन्ही विसरतो.

भाषेबद्दल थोडं. "नयनरम्य" 6 वेळा, "डोळ्यांचं पारणं फिटलं" 3 वेळा, "अविस्मरणीय" 5 वेळा आलंय. मातंग टेकडीवरचा सूर्यास्त "अवर्णनीय" आहे. ताई, वर्णन करायला बसल्यावर अवर्णनीय म्हणायचं म्हणजे वर्गात येऊन फळा पुसून निघून जाणं. हे शब्द खोटे नसतात, पण वापरून वापरून गुळगुळीत झालेले असतात. वाचकाचा डोळा त्यावरून घसरतो. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, तेव्हा मी काय केलं? बसले, थांबले, चप्पल काढली, फोटो काढायचा विसरले? ते लिहा. गाभाऱ्यासमोर तुमचे हात आपोआप जोडले गेले का? जोडले असतील तर कशापुढे? एवढा एक तपशील सहा "नयनरम्य" भरून काढील.

दुसरी गोष्ट, "दिसले" आणि "दिसलं", "केले" आणि "केलं" यांची सरमिसळ आहे. लेखी ए-कार किंवा बोली अनुस्वार, दोन्ही चालतात, पण एका लेखात एकच. आईच्या फोनपर्यंत जायचंय, तेव्हा बोली रूपं घ्या. आईचं बोलणं मात्र ती जसं बोलते तसंच राहू द्या, त्यावर शुद्धलेखनाची लाल शाई नको.

मग "आम्ही". सहाजणी सगळीकडे एकत्र चालतात, एकत्र हसतात, एकत्र भारावतात. 2000 शब्दांत सहा माणसं वाचकाच्या डोक्यात राहत नाहीत, दोन राहतात. जिचे गुडघे दुखत होते आणि जी दर मंडपात बसून घेत होती, तिला ठेवा, कारण तिच्यामुळे तुम्ही थांबलात आणि थांबलात म्हणून दिसलं. बाकीच्या चौघींना "बाकीच्या पुढे गेल्या" एवढ्या वाक्यात सन्मानाने पुढे पाठवा. जिच्याबद्दल लिहाल तिला त्या ओळी छापण्याआधी वाचून दाखवा. प्रवासवर्णनापायी मैत्री तुटल्याची उदाहरणं कमी नाहीत. आणि "तिथली साधीभोळी, कष्टाळू माणसं" हे वाक्य काढून टाका. बहुतेक प्रवासवर्णनांत ते असतं आणि त्यात माणूस एकही नसतो.

जेवणाचंही तेच. "जेवण चविष्ट होतं" याऐवजी ताटात काय होतं आणि सोलापूरच्या ताटापेक्षा काय वेगळं होतं. ज्वारीची भाकरी तिकडेही, तुमच्याकडेही. मग फरक कुठे पडला? या लेखात जेवण येणार नसेल तर हा भाग सोडून द्या. किमती लिहिल्यात तर सोबत महिना आणि साल हवं. "होडीचे माणशी इतके रुपये" ही ओळ वर्षभरात खोटी ठरते. तारीख घातली की तीच ओळ पुढे पुरावा होते.

नोंदी केल्या नव्हत्या असं तुम्ही लिहिलंय. तरी बरंच परत मिळतं. फोनमधले फोटो वेळेच्या क्रमाने लावा. प्रत्येकावर तास-मिनिटं असतात, त्यावरून देवळात किती वेळ होतात ते कळेल. सहाजणींचा व्हॉट्सअॅप ग्रुप असणारच. त्या चार दिवसांतले निरोप आणि आवाजी निरोप पुन्हा ऐका, त्यात तुम्ही न सजवता बोललेल्या आहात. आईला व्हॉट्सअॅपवरून फोन केला असेल तर वेळ आणि किती मिनिटं बोललात हे तिथेच सापडेल. सापडलं तर लेखात घाला. "बराच वेळ" या शब्दांपेक्षा आकडा जास्त बोलतो.

पुढच्या खेपेला खिशात मावेल अशी वही न्या आणि शिसपेन्सिल. पेनची शाई पावसाने आणि घामाने फुटते. उजव्या पानावर जागेवरची नोंद, डावं पान कोरं, घरी येऊन तपासल्यावर दुरुस्ती तिथे लिहायची. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी पुरे: एक आकडा (पायऱ्या, पावलं, माणसं, काहीही), कानावर पडलेलं एक वाक्य जसंच्या तसं, आणि आपल्याला न कळलेली एक गोष्ट. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक तीच टाळतात, कारण अडाणी दिसायची भीती वाटते. रात्री झोपण्याआधी वीस मिनिटं त्या नोंदींची वाक्यं करा. दुसऱ्या दिवसावर ढकललंत की नवं दृश्य जुन्यावर चढतं आणि चार दिवसांचं एकच धुकट हंपी होऊन बसतं, जसं तुमच्या पान 20 ते 28 मध्ये झालंय. माहितीफलक आणि तिकिटं यांचे फोटो काढा, ते उतरवून घेण्यात वेळ घालवू नका. कुणाचं बोलणं फोनवर टिपायचं तर आधी विचारून.

नावाड्यासारखा माणूस भेटला की "मजा येते का हो?" असं विचारू नका, तो "येते" म्हणेल. विचारा: होडी कोण विणतं, किती दिवस लागतात, एक होडी किती पावसाळे टिकते, धरणाचं पाणी सोडलं की त्या दिवसांत काय करता? कामाबद्दल विचारलं की माणूस खुलतो.

पाठवण्याचं तंत्र थोडक्यात. हस्तलिखित नको, युनिकोडमध्ये टंकलेली वर्ड फाइल पाठवा. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलताना जोडाक्षरं फुटतात आणि संपादक वैतागतो. फोटो चार-पाच, स्वतः काढलेले, मूळ आकारात, ईमेलला वेगळे जोडून; व्हॉट्सअॅपवरून साधे पाठवले की ते दाबले जातात आणि छपाईत फुटतात. प्रत्येकाखाली एका ओळीची ओळख. रिकाम्या गाभाऱ्याचा फोटो असेल तर तो पहिला. दिवाळी अंकांचा बराचसा मजकूर पावसाळ्यातच ठरतो, म्हणून जून संपायच्या आत पाठवा, आणि त्याच संपादकांना पाठवा. "2000 शब्दांत नव्याने लिहून बघा" असं नकार देणारा माणूस सहसा लिहीत नाही. एकाच वेळी दोन अंकांना मात्र नको.

एक काम लिहायला बसण्याआधीचं. आईकडे जा, फोनवर नको, समोर बसून विचारा: त्या रात्री गप्प का झालीस? तिने सांगितलं तर मध्ये बोलू नका, समजावू नका, 1565 काढू नका. घरी येऊन तिचे शब्द होते तसे लिहून ठेवा. तिने सांगितलं नाही, विषय बदलला, चहा टाकायला उठली, तर तेही लिहा, चहासकट. दोन्हींतलं जे घडेल तो तुमचा शेवटचा 200 शब्दांचा परिच्छेद. त्याखाली आणखी काही लिहू नका.